पावसाळ्यानंतर बेडूक जातात कुठे?

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, भारजा नदी जिथे समुद्राला मिळते तिथे केळशी हे गाव आहे. समोर समुद्र आणि पुळण, बाजूला खाडी, मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या आणि डोक्यावर जांभ्या दगडाचा सडा. दापोलीच्या परिसरात वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घाटावरच्या पर्जन्यछायेतील तालुक्यांना पाचशे-सहाशे मिलिमीटरवर वर्ष काढावे लागते. त्यांच्या सहापट पाऊस झेलणाऱ्या या गावाचे नाव घेऊन कोरड्या प्रदेशातील बेडकांविषयी लिहिण्याचे कारण काय, असे वाचकांना वाटेल.

कारण असे की, वर्षभराच्या पावसाची बेरीज माणूस करतो, बेडूक करत नाही. केळशीचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. ऑक्टोबरात एखाद-दुसरी सर येते आणि मग थेट पुढच्या मृगापर्यंत आभाळ कोरडे. जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही. सड्यावरची डबकी दिवाळीच्या सुमारास आटतात, वहाळ मागोमाग आटतात आणि एप्रिल-मेमध्ये कोकणातील कित्येक वाड्यांना पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. ज्या प्राण्याचे आयुष्य ओलाव्यावर अवलंबून आहे त्याच्या दृष्टीने कोकण हा चार महिन्यांचा ओला आणि आठ महिन्यांचा कोरडा प्रदेश आहे.

तरीही जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की त्याच रात्री खाचरे बेडकांच्या आवाजाने भरून जातात. पूर्ण वाढलेले, धष्टपुष्ट बेडूक एका रात्रीत कुठून आले? वर्गात हा प्रश्न विचारला तर ठरावीक उत्तरे मिळतात. कुणी म्हणते, ते पावसाबरोबर आभाळातून पडतात. कुणी म्हणते, मातीचेच बेडूक होतात. दुसरे उत्तर चुकीचे असले तरी त्यात खऱ्याचा अंश आहे, कारण बेडूक खरोखरच मातीतून आलेले असतात. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्तात तळ्यात पडून राहिलेल्या बेडकाला वाळलेल्या कातडी पखालीची उपमा दिली आहे. उपमा देणाऱ्याने बेडूक नीट पाहिला होता, हे आपल्याला पुढे दिसेल.

तोंडाने पाणी न पिणारा प्राणी

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. रॉबर्ट टाउनसन या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १७९०च्या दशकात प्रयोग करून दाखवले की, बेडूक पाणी शोषतो ते कातडीतून. पोटाच्या मागच्या बाजूची आणि मांड्यांखालची कातडी विशेष पातळ असते आणि तिच्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. ओल्या जमिनीवर बेडूक पाय पसरून, पोट टेकून बसलेला दिसला, तर तो पाणी पीत आहे असे समजायला हरकत नाही. पेशींच्या पटलातून पाणी आत-बाहेर जाण्यासाठी अ‍ॅक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या सूक्ष्म वाटा असतात. त्यांच्या शोधाबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला. बेडकाच्या पोटाच्या कातडीत अशा वाटा भरपूर असतात आणि तहान लागली की संप्रेरकाच्या हुकमाने त्या वाढतात.

पण ज्या दाराने पाणी आत येते त्याच दाराने ते बाहेरही जाते. सरडा किंवा साप यांच्या कातडीवर खवल्यांचे आणि मेदाचे अस्तर असते. बेडकाच्या बाबतीत ते नाही. कोरड्या हवेत बसलेल्या सर्वसाधारण बेडकाच्या अंगावरून, तेवढ्याच आकाराच्या उघड्या पाण्यावरून जितक्या वेगाने बाष्पीभवन होईल, जवळजवळ तितक्याच वेगाने पाणी उडून जाते. बेडकाची सहनशक्ती मात्र मोठी आहे. वजनाच्या दहा टक्के पाणी गमावणे माणसाच्या जिवावर बेतते. बेडकांच्या पुष्कळ जाती वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतके पाणी गेले तरी तग धरतात. पण आठ महिन्यांचा प्रश्न नुसत्या सहनशक्तीने सुटत नाही.

भरलेली खाडी, तरीही दुष्काळ

मग बेडकांनी केळशीच्या खाडीत का जाऊ नये? तिथे तर बारमाही पाणी आहे. याचे उत्तर समजले की कोरडेपणा म्हणजे काय हेच समजते.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या शिक्षकांना आठवत असेल की, बेडकाच्या ऊतींसाठी ०.६५ टक्के मिठाचे द्रावण वापरतात. सस्तन प्राण्यांसाठी तेच प्रमाण ०.९ टक्के असते. याचा अर्थ बेडकाच्या शरीरातील द्रव लिटरला साधारण साडेसहा ग्रॅम मीठ असलेल्या पाण्याइतका खारट असतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. परासरणाच्या नियमानुसार पाणी कमी खारट बाजूकडून अधिक खारट बाजूकडे जाते. म्हणून गोड्या पाण्यात बसलेल्या बेडकाच्या अंगात पाणी शिरते आणि समुद्राच्या पाण्यात बसलेल्या बेडकाच्या अंगातून ते निघून जाते. गळ्यापर्यंत पाण्यात बसून बेडूक वाळत जाईल.

पाणी ओढण्याची ही ताकद दाबाच्या एककात मोजता येते. बेडकाच्या शरीरद्रवाची ओढ सुमारे ५ ते ६ वातावरण इतकी असते आणि समुद्राच्या पाण्याची सुमारे २५. या रस्सीखेचीत बेडूक हरणारच.

पण एक बेडूक हरत नाही. आग्नेय आशियातील खारफुटीच्या चिखलात राहणारा खेकडेखाऊ बेडूक चक्क खाऱ्या पाण्यात वावरतो. माल्कम गॉर्डन, क्नुट श्मिट-नील्सन आणि हॅमिल्टन केली यांनी १९६१ साली त्याचे रहस्य प्रसिद्ध केले. हा बेडूक आपल्या रक्तात युरिया साठवतो. युरिया म्हणजे एरवी लघवीवाटे टाकून द्यायचा पदार्थ. तो रक्तात साठला की शरीरद्रवाची ओढ वाढते आणि बाहेरचे खारे पाणीही मग अंगातले पाणी खेचून नेऊ शकत नाही. ही युक्ती लक्षात ठेवावी. वाळवंटाच्या मातीत ती पुन्हा भेटणार आहे.

तीन माती, तीन प्रकारची ओल

मातीही पाणी धरून ठेवते, म्हणजे ओढते. पुरेशी ओली माती हलक्या हाताने पाणी धरते. माती सुकू लागली की उरलेले पाणी कणांना अधिकाधिक घट्ट चिकटून बसते. बहुतेक पिके ज्या टप्प्याला कायमची कोमेजतात तेव्हा मातीची ओढ सुमारे १५ वातावरण असते. आता बेडकाची ५ ते ६ ही संख्या आठवावी. मातीची ओढ याहून कमी आहे तोवर पुरलेला बेडूक कातडीवाटे मातीतून पाणी घेत राहतो. ती याच्या वर गेली की माती बेडकातून पाणी घेऊ लागते. म्हणजे रोप अजून हिरवे असताना, त्याच मातीत बसलेल्या साध्या बेडकाचे पाणी कमी होऊ लागलेले असते.

केळशीसारख्या गावाच्या परिसरात मातीचे तीन नमुने चालत जाऊन पाहता येतात. एक किनाऱ्याची वाळू. खाडीच्या मुखाशी असलेली इथली वाळूची उंच टेकडी डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांच्या पुरातत्त्वीय अभ्यासामुळे प्रसिद्ध झाली आहे. दुसरी सखल भागातली चिकणमाती. तिसरा सड्यावरचा जांभा आणि त्याच्या खळग्यांत साचलेली थोडीशी माती. वाळूचे कण मोठे, म्हणून ती पाणी सैल धरते. वाळूत दहा टक्के ओलावा असला तर ते पाणी सहज मिळते. चिकणमातीत तेवढाच ओलावा असेल तर ती बेडकाला कोरडी ठणठणीत, कारण तिचे सूक्ष्म कण पाणी सोडत नाहीत. उलट वाळूतून पाणी झिरपून लवकर खाली जाते, चिकणमाती ते फार दिवस ठेवते. जांभ्यावर तर पोटापुरती मातीच नसते. तिथे दगडाच्या भेगा आणि सुट्या दगडांखालचा गारवा हाच आसरा.

तेव्हा बेडकाचा उन्हाळा कसा जाणार हे तीन गोष्टींवर ठरते: कुठल्या मातीत शिरायचे, किती खोल शिरायचे आणि शिरल्यावर अंगातले पाणी कसे राखायचे.

टाचेला फावडे

या कामात तरबेज असलेला आपल्याकडचा एक गट म्हणजे स्फेरोथेका या प्रजातीतील बेडूक. इथे आम्ही त्यांना सोयीसाठी खोदबेडूक म्हणतो. जुन्या पुस्तकांत यातला सर्वपरिचित बेडूक राना ब्रेव्हिसेप्स किंवा टोमोप्टर्ना ब्रेव्हिसेप्स या नावाने सापडेल. ब्रेव्हिसेप्स म्हणजे आखूड डोक्याचा. हे वर्णन अगदी चपखल आहे. चार ते सहा सेंटिमीटर लांबीचे गोल, बोजड अंग, बोथट तोंड आणि आखूड मागचे पाय. लांब उड्या मारणाऱ्या बेडकाशेजारी हा अगदीच ओबडधोबड वाटतो.

त्याची खरी ओळख मागच्या पायाच्या तळव्याला पटते. आतल्या बोटाच्या मुळाशी एक कडक, धारदार, फावड्यासारखा उंचवटा असतो. मऊ जमिनीवर बसून खोदबेडूक मागचे पाय आळीपाळीने बाहेरच्या बाजूला ढकलतो. माती बाजूला सरते आणि तो मागच्या मागे, शेपटाकडून जमिनीत उतरत जातो. तोंड वरच असते. वरची माती आपोआप ढासळून भोक बुजते. त्यामुळे उंदराच्या बिळासारखे दार शिल्लक राहत नाही आणि बेडूक कुठे आहे याची खूणही राहत नाही.

हा गट दख्खनच्या कोरड्या पठारावरही आहे आणि पश्चिम किनाऱ्यावरही. डॉब्सनच्या खोदबेडकाचे पहिले वर्णन जॉर्ज बूलेंजर यांनी १८८२ साली मंगळूरच्या नमुन्यावरून केले. पश्चिम भारतातील ज्या बेडकांना वर्षानुवर्षे ब्रेव्हिसेप्स म्हटले जात होते, त्यांच्यातील काही वेगळे आहेत असे पुण्याचे डॉ. आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले आणि त्यांना स्फेरोथेका पश्चिमा असे नाव दिले. त्यानंतर नेपाळ आणि उत्तर भारतातील खोदबेडकांशी तुलना होऊन नावांची फेरमांडणी चालूच राहिली आहे. शेताच्या बांधावर दिसणाऱ्या प्राण्याचेही बारसे अजून पुरते झालेले नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

टाचेचे फावडे ही खोदबेडकांची मिरासदारी नाही. अंगाने फुग्यासारखे गोल असणाऱ्या, मुंग्या-वाळवी खाणाऱ्या युपेरोडॉन या आपल्याकडच्या दुसऱ्या गटाला ते आहे. अमेरिकेच्या वाळवंटातील स्पेडफूट भेकालाही ते आहे. हे सगळे एकमेकांचे दूरचे नातेवाईक. तरी जमिनीत शिरण्याची गरज सारखी, म्हणून प्रत्येकाकडे हत्यार सारखे तयार झाले. अभिसारी उत्क्रांती शिकवताना शार्क आणि डॉल्फिन यांच्या जोडीला हे उदाहरण देता येईल.

जमिनीखालचे आठ महिने

मातीत शिरून प्रश्न अर्धाच सुटतो. ऊन आणि वारा टळला, पण श्वास चालू आहे, शरीर चालू आहे आणि माती हळूहळू सुकत आहे. इथून पुढे कोरड्या प्रदेशातील बेडूक चार युक्त्या वापरतात. प्रत्येक जात चारही वापरते असे नाही.

पहिली युक्ती पखालीची. पूर्वी महाविद्यालयात बेडकाचे विच्छेदन केलेल्यांनी त्याचे पातळ, दुभागलेले मूत्राशय पाहिले असेल. आपल्या दृष्टीने मूत्राशय ही टाकाऊ पाण्याची पिशवी. बेडकाच्या बाबतीत ती पाण्याची टाकी आहे. तिच्यातले मूत्र फार सौम्य, जवळजवळ गोडे पाणीच असते आणि गरज पडली की ते पिशवीच्या भिंतीतून परत रक्तात घेता येते. पाण्यात राहणाऱ्या जातींचे मूत्राशय लहान असते, कोरड्या प्रदेशातील जातींचे मोठे. काहींत वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक पाणी मावते. ऑस्ट्रेलियातील पाणीसाठवा बेडूक याबाबत प्रसिद्ध आहे. तेथील आदिवासी अडचणीच्या वेळी त्याला जमिनीतून उकरून काढत आणि दाबून त्यातले पाणी पीत. मंडूकसूक्तातली पखाल अशी खरी ठरते.

दुसरी युक्ती युरियाची. प्रथिने वापरली की नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य तयार होणारच. पाण्यात राहणारा बेडूकमासा ते अमोनियाच्या रूपात सोडून देतो, कारण विषारी अमोनिया विरळ करायला त्याच्याभोवती हवे तेवढे पाणी असते. जमिनीवर आलेला बेडूक त्याचा युरिया बनवतो. पण बेडकाच्या वृक्काला रक्तापेक्षा अधिक घट्ट मूत्र तयार करता येत नाही, म्हणून युरिया बाहेर टाकायचा तर पाणीही दवडावे लागते. स्पेडफूट भेक जमिनीत असताना मूत्र बाहेर टाकतच नाही आणि युरिया अंगात साठू देतो. लॉन मॅक्लॅनाहन यांनी १९६७ साली हे मांडले. साठलेल्या युरियामुळे त्याच्या शरीरद्रवाची ओढ दुपटीहून अधिक वाढून १५ वातावरणाच्या आसपास जाते. म्हणजे ज्या मातीत पिके कोमेजतात त्या मातीशीही तो बरोबरीने रस्सीखेच खेळतो. खारफुटीतला बेडूक आणि वाळवंटातला भेक यांनी एकच उपाय योजला, कारण मुळात अडचण एकच होती. खारी खाडी आणि सुकी माती या दोन्ही बेडकाच्या कातडीला सारख्याच कोरड्या.

तिसरी युक्ती कोषाची. ऑस्ट्रेलियातील पाणीसाठवा बेडूक जमिनीत स्थिर बसला की वेळोवेळी कात टाकतो, पण ती अंगावेगळी करत नाही. थरावर थर साचून कागदासारखे वेष्टन तयार होते आणि नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या राहतात. ली आणि मर्सर यांनी १९६७ साली या कोषाचे वर्णन केले. असा बेडूक मातीशी संबंधच तोडतो. तो तिच्यातून पाणी घेत नाही आणि तिला देतही नाही.

चौथी युक्ती काटकसरीची. उन्हाळी झोपेत, म्हणजे ग्रीष्मनिद्रेत, बेडकाचा ऊर्जेचा खर्च विश्रांतीतल्या खर्चाच्या साधारण तिसऱ्या ते पाचव्या हिश्शापर्यंत खाली येतो. हृदयाचे ठोके मंदावतात, श्वास विरळ होतो. पावसाळ्यात साठवलेली चरबी अशा रीतीने महिनोन्‌महिने पुरते. माणूस काही आठवडे अंथरुणाला खिळला तरी त्याचे स्नायू रोडावतात. महिनोन्‌महिने न हलता बसलेला बेडूक मात्र पहिल्या पावसाला उठून चालू लागतो. त्याचे स्नायू टिकतात कसे, याकडे वैद्यकाच्या अभ्यासकांचेही लक्ष आहे.

उठायचे केव्हा?

जमिनीखालच्या बेडकाला पाऊस आल्याचे कळते कसे? ओल खाली झिरपल्यामुळे कळत असेल, हे उत्तर सुचते. मार्क डिमिट आणि रोडोल्फो रुइबाल यांनी स्पेडफूट भेकांवर केलेल्या आणि १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळेच दिसले. पावसाच्या माऱ्याने जमिनीत उठणारी कंपने ही खरी हाक होती. कोरड्या जमिनीवर विजेची मोटर चालवून कंपने निर्माण केली तरी भेक वर आले. त्याच अभ्यासकांची दुसरी नोंदही लक्षात ठेवण्यासारखी आहे. पावसाबरोबर उडणाऱ्या वाळवीच्या एकाच भरपेट जेवणातून या भेकाला वर्षभराला पुरेल इतकी चरबी मिळू शकते.

हा निष्कर्ष कोकणाला जसाच्या तसा लावता येणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात वळीव येतो. गडगडाट मोठा, मारा जोराचा, पण त्यानंतर कधीकधी पंधरा-वीस दिवस पुन्हा ऊन. अशा खोट्या हाकेला ओ देऊन जो बेडूक अंडी घालील त्याची पिल्ले डबक्याबरोबर वाळतील. मोसमी पाऊस वेळेवर आला आणि मग जूनमध्ये त्याने ओढ दिली तरी तीच गत. केव्हा उठायचे आणि केव्हा अंडी घालायची हे दोन निर्णय म्हणूनच जीवनमरणाचे आहेत.

डबक्यातही घाई असते. स्पेडफूट भेकाची अंडी ते पिल्लू ही वाटचाल वाळवंटात आठ-दहा दिवसांत पुरी होऊ शकते. आपल्याकडे पावसाळा लांब, म्हणून इतकी घाई नसते. तरीही सड्यावरच्या उथळ डबक्यातील बेडूकमाशांना डबके टिकेल तेवढ्याच मुदतीत पाय फुटावे लागतात. कोकणातील झाडबेडकाने निराळी तोड काढली आहे. तो पाण्याच्या वर, विहिरीच्या कठड्यावर, हौदाच्या भिंतीवर किंवा फांदीवर फेसाचे घरटे करतो. वरचा फेस सुकून साल धरते, आत अंडी ओली राहतात आणि पिल्ले खालच्या पाण्यात पडतात.

एप्रिलमधली पाहणी

एवढे समजल्यावर एका व्यवहारातल्या गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. कोकणातील सडे महसुली कागदांत बहुधा पडीक म्हणून नोंदलेले असतात. चिऱ्यांसाठी ते खणले जातात, सुरुंग लावून आणि बाहेरची माती घालून आंबा-काजूच्या बागा केल्या जातात, अलीकडे घरांसाठी भूखंड पाडले जातात. लोकांना चिरा हवा, उत्पन्न हवे, घर हवे, हे खरेच आहे. पण ही सगळी कामे जमीन वाळल्यावर, म्हणजे साधारण डिसेंबर ते मे या काळात होतात. त्याच काळात त्या जागेचे बेडूक जमिनीत, भेगांत आणि दगडांखाली असतात. त्यांना पळता येत नाही, ओरडता येत नाही आणि त्यांच्या आसऱ्याला दारही नसते.

एखाद्या जागेवर कोणते प्राणी आहेत याची पाहणी एप्रिलमध्ये केली तर बेडकांच्या रकान्यात शून्य येईल. पाहणी करणाऱ्याने लबाडी केलेली नसेल. त्याने चुकीच्या महिन्यात प्रश्न विचारला, एवढेच. जुलैच्या रात्री कंदील घेऊन त्याच जागी उभे राहिले तर उत्तर वेगळे मिळेल. म्हणून कुठल्याही सड्याविषयी, पुळणीविषयी किंवा माळाविषयी 'इथे काही नाही' असे लिहिलेले आढळले, तर ते कोणत्या महिन्यात लिहिले हे आधी विचारावे. एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना लागली, तर या लेखाचा उपयोग झाला असे आम्ही समजू.

आणखी एक. बेडकांची एक पिढी बुडाली की पुढच्या मृगात खाचरातला आवाज कमी होतो आणि भातावरच्या किड्यांना खाणारी तोंडेही कमी होतात. ही हानी आवाज करत नाही. मुळात आवाज किती होता याची नोंद कुणाकडे असेल तरच ती लक्षात येते.

वर्गात करून पाहण्यासारखे

*बटाट्याच्या फोडी.* एकसारख्या जाडीच्या तीन फोडी कापून त्यांची वजने घ्यावीत. एक साध्या पाण्यात, दुसरी लिटरला साडेसहा ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात आणि तिसरी लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात ठेवावी. दोन-तीन तासांनी फोडी पुसून पुन्हा वजने घ्यावीत. साध्या पाण्यातली फोड कडक होते, समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यातली लिबलिबीत. पाण्यात राहूनही वाळणे म्हणजे काय, हे मुलांना बोटांनी कळते.

*पुरलेला स्पंज.* स्पंजचे चार सारखे तुकडे पाण्यात भिजवून हलके पिळावेत आणि वजन करावे. एक उघड्यावर ठेवावा. दुसरा कोरड्या वाळूत, तिसरा ओल्या वाळूत आणि चौथा सुक्या चिकणमातीत पुरावा. चोवीस तासांनी माती झटकून वजने घ्यावीत. कुणी पाणी राखले, कुणी गमावले आणि कुणाला उलट मिळाले, याचा तक्ता करावा. बेडकाने कुठे पुरून घ्यावे, हे मुलांनी तक्त्यावरून सांगावे.

*बेडकांचे पंचांग.* हा उपक्रम वर्षभराचा आहे. शाळेच्या परिसरातील एक ठरावीक डबके किंवा खाचर निवडावे. पहिला वळीव, पहिला मोसमी पाऊस, पहिला आवाज, पहिली अंडी किंवा फेसाचे घरटे, पाय फुटलेली पहिली पिल्ले, शेवटचा आवाज आणि डबके आटल्याचा दिवस या सात तारखा नोंदवाव्यात. वळवानंतर आवाज आला की नाही, हेही लिहावे. बेडूक पकडण्याची, हाताळण्याची किंवा जमिनीतून उकरण्याची काही गरज नाही. उकरलेल्या बेडकाची साठवलेली ओल वाया जाते आणि ती परत मिळवायला त्याला पुढचा पाऊसच गाठावा लागतो.

वही एका वर्षात भरेल, पण तिचे मोल वाढेल ते पाचव्या-दहाव्या वर्षी, जेव्हा तारखा एकाखाली एक येऊ लागतील. पाऊस मागेपुढे होऊ लागला तर बेडूक त्याच्याबरोबर सरकतात की मागे राहतात, हे त्या वहीतून वाचता येईल. म्हणून वही विद्यार्थ्याबरोबर घरी जाऊ देऊ नये. ती शाळेच्या कपाटात ठेवावी आणि दरवर्षी नव्या वर्गाच्या हाती द्यावी.